डब्यातला डबा

मराठीत एक मोठी गैरसोय आहे. आगगाडीचा तोही डबा, लाडवांचा तोही डबा आणि दुपारी ऑफिसात उघडायचा तोही डबाच. एवढ्या वर्षांत यावरून कोणाचं काही अडलं नव्हतं. माझं अडलं, कारण कर्वेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक हिवाळा हे सगळे डबे स्वयंपाकघराच्या एकाच फळीवर येऊन बसले होते.

आधी आगगाडीचे डबे कुठून आले ते सांगते. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक वेडे होणार, अशी आवई उठली होती ते दिवस. ज्याला म्हणून प्रोग्रॅम वाचता येत होता त्याला कंपन्या विमानात घालून परदेशी धाडत होत्या. मलाही धाडलं. दीड वर्षात मी तीनदा जर्मनीला जाऊन आले. काम काय, तर जुन्यापान्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे साल दोन आकड्यांत लिहिलंय तिथे तिथे ते चार आकडी करायचं. आई-बाबांना फोनवर मी हेच काम फार गंभीर आवाजात सांगत असे. प्रत्यक्षात धुणं वाळत घालायला याहून जास्त डोकं लागतं.

ऑफिसच्या कोपऱ्यावर खेळण्यांचं दुकान होतं. त्याच्या काचेत एक छोटी आगगाडी दिवसभर फिरत असे. वीतभराहून जरा लांब डबे, खिडक्यांना काचा, आत इवली इवली बाकं, जेवणाच्या डब्यात टेबलांवर दिवेसुद्धा. पहिला आठवडा मी नुसती बघत उभी राहिले. दुसऱ्या आठवड्यात आत शिरले. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझ्याकडे एक इंजिन, रुळांचं एक वेटोळं आणि तेवीस डबे झाले होते. परतीच्या बॅगेत वजन बसेना, म्हणून त्यांची खोकी तिथेच टाकून दिली आणि एकेक डबा लोकरी मोज्यात घालून आणला. खोकी टाकून देणं हा शुद्ध गाढवपणा होता, हे घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीच कळलं.

माझा नवरा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. त्याला दगड आणि टोमणे या दोन गोष्टींची उत्तम जाण आहे. मोज्यांतून एकेक डबा बाहेर पडताना बघून तो म्हणाला, "लोक जर्मनीहून सुऱ्यांचा सेट आणतात. आमच्याकडे रेल्वे आली. आता सिग्नल मिळाला की जेवायला वाढा."

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत रूळ मांडून गाडी सोडली, की त्या हातात देवाची परडी घेऊन दाराशी थांबायच्या आणि विचारायच्या, "गाडी गेली का गं? ओलांडू का?" गेली म्हटलं की पातळाचा काठ उचलून पलीकडे जायच्या. यात टोमणा किती आणि काळजी किती, ते मला कधी कळलं नाही.

तर हे तेवीस डबे जर्मन. चोविसावा नारायण पेठेतला.

माझे बाबा नारायण पेठेत पत्र्याचं काम करायचे. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पिठाचे डबे. दुकान म्हणजे रस्त्यावरचा एक ओटा आणि मागे एक खोली, वरच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. दिवसभर ठोकठोक चालायची. त्या आवाजात मी अभ्यास केला आणि अजूनही फार शांतता असली की मला काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बाबांची एक रीत होती. नवी कोठी असो की डबा, गिऱ्हाइकाच्या हातात देताना आत ज्वारीचे चार दाणे टाकायचे. "नवं भांडं रिकामं देऊ नये," एवढंच म्हणायचे. बाकी ते फार बोलत नसत, कारण त्यांच्या तोंडात बहुतेक वेळा खिळे असत.

मी सहा वर्षांची असताना त्यांनी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला आगगाडीचा डबा करून दिला. पटाशीने कापलेल्या खिडक्या, सोड्याच्या बाटलीच्या बुचांची चाकं, आणि छत बिजागरीवर उघडणारं. छताच्या आतल्या बाजूला तुपाच्या डब्यावरचं अर्धं नारळाचं झाड तसंच राहिलं होतं. मी हौसेने छत उघडलं तर आत ज्वारीचे चार दाणे. मी फुरंगटून म्हणाले, "एवढ्या मोठ्या डब्यात चारच माणसं?"

"बाकीची पुढच्या स्टेशनावर चढतील," बाबा म्हणाले.

मला ते उत्तर अजिबात पटलं नाही. रागारागाने मी ते चार दाणे ओट्यावरच्या चिमण्यांना टाकले. नाकावरचा राग हा असा जुना आहे.

बाबा गेले तेव्हा मी जर्मनीत होते, दुसऱ्या फेरीवर. फोन आला, तिकीट मिळालं, दोन विमानं बदलून मी पुण्यात पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. यावर मी बोलत नाही. आई माझ्या भावाकडे राहायला गेली, ओट्यावर एसटीडी बूथ झाला. मी फक्त बाबांची पटाशी, त्यांची कानस आणि तो पत्र्याचा डबा उचलून कर्वेनगरला आणला. त्यांच्या हातचं असं माझ्याकडे तेवढंच होतं.

आता हे चोवीस डबे ठेवायचे कुठे, हा प्रश्न. पहिल्यांदा बुटांच्या खोक्यांत ठेवले. महिन्याभरात एका शयनयानात झुरळ सापडलं. "आरक्षण असेल त्याचं," नवरा म्हणाला. मग लोखंडी कपाटाच्या खणात ठेवले. पण डब्यांना चाकं असतात ही गोष्ट मी विसरले होते. खण ओढला की तेवीसच्या तेवीस धडधडत मागे जाऊन आदळायचे आणि खण लोटला की पुढे. दोन डब्यांच्या जोडकड्या अशा मोडल्या. सुताराला बोलावलं, तर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "ताई, टीव्हीचं युनिट करून देतो, त्यात काय पण ठेवा." त्याला चहा पाजून परत पाठवला आणि ठरवलं, आपणच करू. पत्रेवाल्याची मुलगी आहे मी. बापाने आख्ख्या शहराचं धान्य ठेवायची सोय केली, मला चोवीस डब्यांची करता येऊ नये?

तोपर्यंत तेवीस जर्मन डबे सासूबाईंच्या रिकाम्या डब्यांत गेले. रव्याच्या डब्यात दोन, साबुदाण्याच्या डब्यात तीन, असे. मी प्रत्येकावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण सासूबाई चिठ्ठ्या वाचत नसत, त्या डबा हलवून आवाजावरून ओळखत. एकदा त्यांनी पाहुण्यांसाठी पोह्यांचा डबा उघडला आणि आत जेवणाची बोगी निघाली. "पोहे संपले वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि उपमा केला.

डिसेंबर होता. मार्केट यार्डात सफरचंदं लाकडी पेट्यांतून येत. एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. गाळ्यावरचा माणूस रिकाम्या पेट्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "काय, बंब पेटवायला का?"

"नाही, रेल्वे ठेवायला," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खांदे उडवले. "मग चांगल्या बघून न्या," गाळेवाला म्हणाला आणि त्यानेच ढिगातून दोन सरळ पेट्या ओढून काढल्या. येताना मी मागे बसून एक पेटी मांडीवर आणि एक डोक्यावर धरली होती. सिग्नलला थांबलो की लोक बघायचे. नवरा त्यांना सांगायचा, "माहेरचं सामान आहे."

बाल्कनीत कारखाना सुरू झाला. पेट्यांचे गंजके खिळे उपटले, फळ्या घासल्या. बेत असा, की प्रत्येक पेटीत एकावर एक दोन ट्रे, प्रत्येक ट्रेत प्लायवूडच्या पट्ट्या उभ्या ठोकून सहा खण, एका खणात एक डबा. सहा दुणे बारा, बारा दुणे चोवीस. कागदावर फार सुंदर दिसत होतं. ट्रे तयार झाला आणि पाच डबे ऐटीत बसले. सहावा बसेना. मी डब्यांची रुंदी मोजली होती, पट्ट्यांची जाडी मोजायची राहिली होती. बाबा कोठी करताना आधी आतलं माप घ्यायचे, मग बाहेरचं. "आत काय जायचंय ते आधी विचारावं," असं त्यांचं म्हणणं. आणि मी, त्यांची पोर, बाहेरून मोजत बसले होते.

"यांनी जगाचे संगणक वाचवायचे," नवरा चहा पीत म्हणाला. मी त्याच्या अंगावर पॉलिश पेपर फेकला.

सगळं उपटून पुन्हा ठोकलं. ट्रे रुंद केले. शेवटच्या ट्रेतला शेवटचा खण दीडपट मोठा ठेवला, कारण बाबांचा डबा जर्मन डब्यांपेक्षा अंगाने जाडजूड होता. त्या खणाच्या कडा बाबांच्या कानशीने घासल्या, त्यांच्या वस्तूला त्यांच्याच हत्याराने जागा करावी म्हणून. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो काहीतरी बोलला असता आणि मी रडले असते.

सासूबाई एका दुपारी चहा घेऊन बाल्कनीत आल्या. ट्रेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं एक जुनं पातळ घेऊन आल्या. "खाली अंथरायला घे," म्हणाल्या. "नुसत्या लाकडावर ठेवलेस तर रंग जाईल त्यांचा." मी करवतीने काहीतरी कापत होते. मान वर करून "ठेवा तिथे" एवढंच म्हटलं. नंतर ते आठवून मला माझीच लाज वाटली.

आता तळमजल्यावरच्या मावशींकडे येते. आमची सोसायटी उभी आहे ती मूळ जमीन त्यांची. कर्वेनगर जेव्हा गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं तिथलं. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात तळमजल्यावर दोन फ्लॅट दिले होते. पण कुंपणाच्या भिंतीमागे एक लांबट पट्टा अजून त्यांचाच होता आणि त्यात त्या दर वर्षी हट्टाने ज्वारी पेरत. चारी बाजूंना इमारती, मध्ये ज्वारी. सकाळी आमच्यासारखे संगणकवाले बाल्कनीत दात घासत कणसं बघत उभे राहायचे. त्या जानेवारीत मावशींनी आम्हाला हुरडा पाठवला, सोबत शेंगदाण्याची चटणी. बिस्किटांच्या एका लांबट डब्यात घालून.

हुरडा एका बैठकीत संपला. डबा घासूनपुसून फळीवर जाऊन बसला. कारण सासूबाईंचा कायदा कडक होता. कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, काही नाही तर मूठभर साखर तरी घालायची. आणि आपला डबा कोणाकडे गेला असेल तर तो मागायचा नाही. ज्याचा डबा त्याच्या घरी येतो, आणि येतो तेव्हा भरून येतो. संक्रांत झाली होती. त्यांनी मला सांगितलं, "तुझ्या तिळाच्या वड्या बऱ्या होतात. मावशींच्या त्या लांब डब्यात भर थोड्या आणि पाठवून दे." मी हो म्हटलं आणि विसरले.

पेट्यांना पॉलिश लावायचा दिवस आला. घरभर भुसा उडत होता. बाबांचा डबा तोवर बाहेर शोकेसमध्ये होता. त्याच्यावर पॉलिशचा शिंतोडा नको, म्हणून मी त्याला त्या जुन्या पातळाच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळला आणि घरात तेवढा लांब दुसरा डबा नव्हता म्हणून मावशींच्या डब्यात घातला. झाकण लावलं आणि वरच्या फळीवर ठेवला. जरा काठावरच होता. मला धाकधूक होती, पण म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

सुतारकामात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. दोन्ही हात अडकलेले असले की त्या ओठांत धरतात. बाबा धरायचे, म्हणून मीही धरते. मी बाल्कनीत मांडी ठोकून शेवटची पट्टी बसवत होते आणि तोंडात पाच-सहा चुका होत्या. आतून सासूबाईंनी विचारलं, "तो लांब डबा भरलास का गं?"

"हं," मी म्हणाले.

"नीट फडक्यात गुंडाळून ना?"

"हं."

"मग खाली नेऊन ठेवते."

मला वाटलं, खालच्या फळीवर. बरंच झालं की. मी चुका हातात घेऊन म्हणाले, "न्या न्या, खालीच बरा. वर असला की माझा जीव टांगणीला लागतो."

"काय बाई बोलणं तरी," असं पुटपुटत त्या गेल्या. दार वाजलं तेसुद्धा मी ऐकलं. वाटलं, फुलवाला असेल.

दुपार टळेस्तोवर पॉलिश वाळलं. मी पातळाच्या घड्या अंथरल्या आणि रव्याच्या, साबुदाण्याच्या, पोह्यांच्या डब्यांतून एकेक डबा काढून खणात ठेवत गेले. तेवीस बसले. इतके झकास बसले की नवऱ्यालाही टोमणा सुचेना. मग मी बाबांचा डबा आणायला उठले. खालच्या फळीवर नव्हता. वरच्या फळीवर नव्हता.

"आई, लांब डबा कुठेय?"

"अगं, खाली नाही का दिला मावशींना? तूच म्हणालीस न्या म्हणून."

मग मी नको ते बोलले. न बघता दिलातच कसा, असं म्हणाले. माझ्या बाबांची ती एकच वस्तू होती, असं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला काय त्याचं. तुम्हाला सगळे डबे सारखेच."

सासूबाई वाटाणे सोलत होत्या, ते तसेच ठेवून आत गेल्या. त्या संध्याकाळपासून घरात अबोला सुरू झाला. पुण्यात अबोला म्हणजे बोलणं बंद नसतं, ते फक्त तिसऱ्यामार्फत चालतं. "तिला म्हणावं, आमटी निवतेय." "त्यांना सांग, येते म्हणून." नवरा मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप शेजारच्या खुर्चीवर पोचवत होता. कंटाळून तो म्हणाला, "सरळ खाली जाऊन मागून आण ना."

आतल्या खोलीतून आवाज आला, "तिला म्हणावं, दिलेली वस्तू मागायला जाऊ नकोस. माझी लाज गेली तरी चालेल, पण त्या बाईला वाईट वाटेल." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "म्हणावं, डबा येईल."

मी कसली थांबतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन विरजणाच्या निमित्ताने खाली गेले. मावशींनी दार उघडलं आणि समोर फ्रिजवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी, बाबांचा डबा. मी वाटी घेऊन तिथेच उभी.

"ये पोरी, बस," मावशी म्हणाल्या. माझी नजर त्यांनी बरोबर हेरली. "डबा लई सुबक हाय तुमचा. असं पत्र्याचं काम आता कोन करतंय? वरनं झाकान बी उगडतंय. म्या सकाळधरनं चार डाव उगडून बगितलं."

आता बोलायचं, आता बोलायचं, असं मी मनाशी म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की घोडं तिथेच पेंड खात होतं.

"माज्या ध्यानात हाय बरं का त्ये," त्या विरजण घालता घालता म्हणाल्या.

त्या आभार मानतायत असं समजून मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असू द्या हो, मावशी."

वर येऊन नवऱ्याला हे सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे काल आईने चुकून दिला होता," तो म्हणाला, "आज तू जाऊन रीतसर देऊन आलीस."

जानेवारी संपला, फेब्रुवारी निम्मा झाला. पेट्या पलंगाखाली बसल्या होत्या. मी ट्रे ओढायचे, तेवीस डबे बघायचे आणि तो दीडपट खण दिसला की ट्रे लोटून द्यायचे. मार्चमध्ये माझी चौथी फेरी ठरली होती. त्यात भिंतीमागच्या पट्ट्यावर मोजणीची माणसं टेप घेऊन आली. वॉचमनने सांगितलं, तो तुकडाही गेला, आता मावशी मुलीकडे मुळशीला राहायला जाणार. म्हणजे मी परत येईन तेव्हा मावशीही नसणार आणि डबाही नसणार. बाबांच्या वेळी मी उशिरा पोचले होते, आणि आता डोळ्यांदेखत एका जिन्यावरून खाली जायला मला जमत नव्हतं. माझा मलाच इतका राग आला की एक दिवस ऑफिसात मी दोन आकडी साल सहा आकडी करून ठेवलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

"आई, चूक माझी होती. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या तोंडात चुका होत्या."

त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "तोंडात होत्या त्यांचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बोलण्यात होत्या, त्या लागल्या." मग पोळी उलटवून म्हणाल्या, "मला सगळे डबे सारखे नसतात. तुझ्या बाबांचा डबा फडक्यात होता म्हणून दिसला नाही. दिसला असता तर मी हात लावला असता का?"

मी नाही म्हटलं आणि ओट्याला टेकून चांगली हमसून रडले. त्यांनी पिठाच्याच हाताने माझी पाठ थोपटली. ब्लाउजवर पांढरा पंजा उठला तो मी मुद्दाम दोन दिवस धुतला नाही.

जर्मनीला जायच्या आधीचा रविवार. सकाळी मी बाहेरच्या खोलीत रूळ मांडले होते, गाडी जोडत होते. बेल वाजली. दारात मावशी. दोन्ही हातांत, परातीत आहेर धरावा तसा, फडक्याने झाकलेला बाबांचा डबा.

"तुमचा डबा द्याचा ऱ्हायला व्हता," त्या म्हणाल्या. "तुज्या सासूनं माज्या डब्यात घालून तुमचा डबा दिला. म्हनलं, आता ह्यो रिकामा कसा पाटवू? रास व्हायची वाट बगत व्हते. तुला म्हनले व्हते की, माज्या ध्यानात हाय."

म्हणजे ही बाई दीड महिना आमचा डबा सांभाळून बसली होती, ज्वारीची मळणी होऊन रास पडेपर्यंत. तिला तो कोणी भेट दिलाय असं एकदाही वाटलं नव्हतं. डबा आहे, शेजाऱ्यांचा आहे, तो परत जायचा आहे, आणि रिकामा जायचा नाही. सासूबाईंचा कायदा तळमजल्यावरही तसाच लागू होता आणि तो कळला नव्हता फक्त मला.

"घे की. जड हाय, सांडू नगंस," मावशी म्हणाल्या. "ही शेवटचीच हाय बग. फुडल्या साली तितं गाड्या लावत्याल."

मी डबा घेऊन जमिनीवर बसले आणि छत उघडलं. आत खिडक्यांच्या काठापर्यंत ज्वारी. पांढरी, टपोरी, नुकतीच पाखडलेली. वर छताच्या आत ते अर्धं नारळाचं झाड. मी डबा पोटाशी घट्ट धरला. मावशी घाबरल्या, "का गं, काय झालं पोरीला?" नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा टोमणा न मारता तो पाणी आणायला गेला.

ती ज्वारी मी अजून काढलेली नाही. तो दीडपट खण तिच्यासकट भरला. सासूबाई दर वर्षी त्यात कडुनिंबाचा पाला बदलत आणि मला बजावत, दळायला नेऊ नकोस हो चुकून. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी मी डबा रुळांच्या कडेला ठेवला. बुचांची चाकं त्या रुळांवर बसणारी नव्हती, म्हणून गाडीच्या शेजारीच. ठेवताना थोडी ज्वारी खिडकीतून बाहेर आली आणि फरशीवर पसरली. मी एकेक दाणा बोटाने टिपून पुन्हा आत टाकू लागले. सासूबाई परडी घेऊन दाराशी येऊन थांबल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"गाडी गेली का गं?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. "ओलांडू का?"

"थांबा आई," मी म्हणाले. "माणसं चढतायत अजून."